आडवं इंजिन, उभा घाट

४ जानेवारी, रविवार

अक्षदाचं म्हणणं, विमानाच्या इंजिनाला नोंदवही लागते. कुठला बोल्ट कधी आवळला, कोणी आवळला, सगळं लिहून ठेवायचं. आणि असं लिहायचं की उद्या परक्या माणसाने वाचलं तरी त्याला समजलं पाहिजे. तीस वर्षं मी बोरी बुद्रुकच्या फाट्यावर गॅरेज चालवतोय, ट्रॅक्टर आणि द्राक्षबागेचे फवारणीचे ब्लोअर दुरुस्त करतोय, आजवर एक ओळ लिहिली नाही. ज्याचा ब्लोअर बिघडतो तो स्वतःच बोंबलत येतो, नोंद कशाला लागते? पण पोरीने विमान चालवायचं शिक्षण घेतलंय, लायसन आहे तिच्याकडे. म्हणून औषध कंपनीने फुकट दिलेली ही डायरी काढली. प्रत्येक पानाच्या तळाला करपा आणि भुरी या द्राक्षाच्या रोगांवरचे उपाय छापलेत. इंजिनाला भुरी झाली तर सोय आहे.

तर नोंद. आज बाळासाहेबांच्या पॅकिंग शेडमध्ये इंजिन उतरवलं. जर्मन स्पोर्ट्स गाडीचं, सहा सिलेंडरचं, तीन इकडे झोपलेले आणि तीन तिकडे झोपलेले. पुण्यातल्या कोणा मोठ्या घरचं पोरगं ती गाडी घेऊन हायवेवर दुभाजकात घुसलं. पोराचा एक दात गेला, गाडीचं तोंड गेलं. इंजिन मागे होतं, त्याला ओरखडाही नाही.

बाळासाहेबांची तीस एकर बाग आहे, बैलगाडा आहे, आणि दिवाळीपासून एक विमानही आहे. म्हणजे सांगाडा. केरळातल्या कोणा म्हाताऱ्याने घरी जोडायला घेतलेलं चार माणसांचं विमान. त्याची हौस इंजिनापाशी संपली, बाळासाहेबांची तिथून सुरू झाली. विमानाचं खरं इंजिन परवडत नाही म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चांगदेव, तुझ्या ब्लोअरचा पंखा वारं मागं फेकतो. ह्याचा पंखा पण वारं मागंच फेकतो. मग फरक काय रं?"

मी म्हणालो, "काहीच फरक न्हाई."

असं मी का म्हणालो ते मला अजून कळलेलं नाही.

११ जानेवारी

नूतनला आज सांगितलं. बायकोला सांगायला मी आठवडा घेतला, यावरून माझी हिंमत कळावी.

ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "ब्लोअर बंद पडला तर फवारणी राहती. ह्ये बंद पडलं तर काय राहतं?"

मी म्हणालो, "बंद पडायला मी काय अडाणी हाय का?"

 तिने पुढची भाकरी जरा जोरात थापली.

खरं कारण मी तिला सांगितलं नाही, इथे लिहितो. अक्षदा दोन वर्षं घरी बसलीय. लायसन आहे, दोनशे तास उडालीय, पण नोकरी नाही. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, "काय मग, पोरगी कधी उडवनार?" आणि हसतो. ती पण हसते. मग गच्चीवर जाऊन बसते. बाळासाहेब म्हणालेत, दिल्लीचा परवानगीचा कागद येईल तेव्हा येईल, पण चैत्रात गावच्या यात्रेला विमान दोन पुरुष उंच उचललं तरी बास, आणि उचलायचं अक्षदानेच. बापाने केलेलं इंजिन, पोरीने उडवलेलं विमान, आणि सगळी बोरी माना वर करून बघतेय. हे चित्र एकदा डोक्यात बसलं आणि मग बाकी काही आत शिरेना.

२५ जानेवारी

आज कळलेली अडचण. गाडीचं इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे मारतं तेव्हा कुठे त्याची ताकद निघते. विमानाचा पंखा एवढा फिरवला तर त्याची टोकं आवाजाच्या वेगाला जातात आणि पंखा वारं ढकलायचं सोडून नुसता किंचाळतो. म्हणजे फेरे निम्मे करायला हवेत. ब्लोअरलाही आपण हेच करतो. खाली छोटी पुली, वर मोठी पुली, मध्ये दातेरी पट्टा. मोठ्या पुलीचा शाफ्ट मी स्वतः करणार. गॅरेजमागे जुन्या ट्रॅक्टरचा एक्सल पडलाय, त्याच्यासारखं पोलाद हल्ली मिळत नाही.

अक्षदा म्हणाली, "पप्पा, शाफ्ट बाहेरून करून घेऊ या का? तपासलेला, सर्टिफिकेटवाला."

मी म्हणालो, "त्या एक्सलनं चाळीस वर्षं नांगर ओढलाय. त्याच्यापुढं कागदाचं काय घेऊन बसलीस?"

ती बरं म्हणाली. पोरगी समजूतदार आहे.

८ फेब्रुवारी

चालू झालं! पहिल्या चावीला! काय तो आवाज! शेडमधल्या द्राक्षं पॅक करणाऱ्या बाया कात्र्या टाकून पळाल्या. बाळासाहेबांनी मला मिठी मारली. मी डोळे पुसले, आणि धुरामुळे पुसले असं दाखवलं. अक्षदाने ते बघितलं. ती पण हसली, आणि कितीतरी दिवसांनी मनापासून हसली.

नोंद. पंख्याच्या अठराशे ते बावीसशे फेऱ्यांच्या मध्ये थोडी घरघर येते. त्याच्या वर गेलं की जाते. सायलेन्सरचा पत्रा वाजत असणार.

१५ फेब्रुवारी

सायलेन्सरचा पत्रा बदलला. घरघर आहेच.

अक्षदा म्हणाली, "आमचे सर शिकवायचे, गाडीचं इंजिन पंख्याला जोडलं की शाफ्टला पीळ बसतो. प्रत्येक सिलेंडरचा धक्का त्याला पिळून सोडतो. ठराविक फेऱ्यांवर ते वाढत जातं."

मी म्हणालो, "तुझ्या सरांनी कधी हातात पाना धरला व्हता का?"

बोललो आणि मला स्वतःचीच लाज वाटली, पण शब्द मागे घेता येत नाहीत. निदान मला घेता येत नाहीत. तिने फक्त विचारलं, "मग यात्रेऐवजी कागद आल्यावरच करू या का? पावसाळ्यानंतर? मला काही घाई नाही."

मी ओळखलं. पोरगी माझ्यावरचा ताण कमी करायला बघतेय. मी तिला म्हणालो, "तू काळजी करू नको, यात्रेपर्यंत होतंय." तिने मान हलवली आणि गच्चीवर फोन घ्यायला गेली. हल्ली फोन फार येतात तिला. एखादा मुलगा असावा. असेना, चांगल्या घरचा असला म्हणजे झालं.

२२ फेब्रुवारी

भिका आला होता. हा घाटघरचा, डोंगरातला माणूस. तीस वर्षांपूर्वी बाळासाहेबांच्या वडिलांनी बैलांसाठी आणला, तेव्हापासून इथेच. आमच्या भागात गाडा जुपावा तर भिकाने. बैलाच्या पाठीवर नुसता हात ठेवला की आज हा पळेल का नाही ते सांगतो, आणि चुकत नाही.

इंजिन चालू होतं. त्याने शाफ्टच्या घरावर, वरच्या लोखंडी कवचावर, हात ठेवला. तसाच ठेवून राहिला. मग म्हणाला, "भाऊ, ह्येच्या पोटात कायतरी दुखतंय."

मी इतका हसलो की खोकला लागला. म्हणालो, "मग हळद-तेल पाज की त्याला!" तोही हसला बिचारा. सगळे हसले. अक्षदा तेवढी नाही हसली, तिचं लक्ष नसावं.

८ मार्च

पंधरा दिवस लिहिलं नाही, कारण पंधरा दिवस मी कारणं शोधतोय. आज बोल्ट बदलले, काल प्लगच्या वायरी बदलल्या, त्याआधी रेडिएटर हलवला. बाळासाहेब तारीख विचारतात आणि मी म्हणतो, अजून एक बारीक काम राहिलंय. नूतन म्हणते, "पूर्वी ब्लोअर दोन तासांत द्यायचे. आता झालंय काय?" मी तिला सांगितलं की विमानाच्या कामात घिसाडघाई चालत नाही. हे उत्तर मलाच फार आवडलं.

खरी गोष्ट अशी की घरघर आहेच. परवा कानात कापूस घालून चालवलं, तेव्हा आली नाही. एका मेकॅनिकने तीस वर्षांच्या अनुभवानंतर लावलेला हा शोध.

१६ मार्च

बाळासाहेबांनी तोडगा काढला. आधी जमिनीवर बांधून ओढ बघायची. आणि कुठे? तर गाड्याच्या घाटात.

परक्या माणसासाठी लिहितो. आमच्याकडे घाट म्हणजे बैलगाडा पळवायची सरळ, चढाची वाट, दोन्ही बाजूंना बुटका कठडा. गाड्यावर माणूस नसतो. बैल जुपतात, पुढे घोडी पळते, आणि गाडा रिकामाच वर जातो. खाली पाच-सहा जण बैल धरून उभे असतात. मधे माणसं आली असतील तर वरचा एक जण त्यांना हाकलतो आणि घाट मोकळा झाला की फडकं हलवतो. फडकं हललं की खालचे सोडतात. घड्याळवाला सेकंद मोजतो आणि माइकवाला ओरडतो, भिर्रर्र!

घाट सपाट, कठीण, दोन्हीकडून बंद. विमानाचे पंख कठड्याच्या वरून जातात, खाली हातभर जागा उरते. खाली गाड्याचा दगडी खांब आहे, त्याला शेपटाकडून दोर बांधायचा, मध्ये कांद्याचा मोठा वजनकाटा लावायचा आणि विमान किती किलो ओढतंय ते वाचायचं. कागदावर तर यात चूक दिसत नाही.

२२ मार्च, रविवार

आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी विमान घाटात आणलं. गाव लोटलं होतं, मी कोणालाही बोलावलं नव्हतं. माइकवाला तर माइक घेऊनच आला. म्हणाला, सवय हाय. घड्याळवालाही होता. दोर खांबाला दोन वेढे देऊन भिकाने मोकळं टोक धरलं, त्याच्यामागे गाड्याचे चौघे.

अक्षदा आत बसली, मी बाहेर काट्यापाशी. इंजिन चढवलं. घरघर आली, गेली. ओढ वाढत चालली आणि मी काटा वाचायला वाकलो तर आकडे दिसेनात, चष्मा घरी राहिला होता. मी अक्षदाला खुणेनं खाली बोलावलं, तू वाच म्हणून. ती थ्रॉटल कमी करायला निघाली तर मी नको म्हणालो, पुन्हा चढवायला वेळ लागतो. ट्यूबचं रबर दिलं. तिने थ्रॉटल रबराने जागच्या जागी बांधला आणि ती खाली उतरली.

तेवढ्यात बघतो तर दहा-बारा लोक कठडा ओलांडून समोर घाटात, मोबाइल धरून, पंख्यापासून तीस पावलांवर.  मी कठड्याकडेनं वर पळालो, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि जोरजोरात हलवत ओरडलो, "बाजूला व्हा! मरायचंय का?" आवाज कोणाला ऐकू जाणार? पण टॉवेल दिसला. लोक बाजूला झाले. घाट मोकळा झाला.

घाट मोकळा आणि वर एक माणूस फडकं हलवतोय.

भिकाने दोर सोडला.

माझ्या शेजारून ते गेलं, रिकामं. टोपी उडाली, मी कठड्याआड आडवा झालो. माइकवाल्याच्या तोंडून सवयीने निघालंच, "भिर्रर्र!" घाटाच्या माथ्यावर जमीन संपते तिथे विमानाने जमीन सोडली. उडालं! घराच्या पत्र्याच्या वर, मग आंब्याच्या शेंड्याच्या वर. सगळं गाव "हो ऽ ऽ" करून ओरडलं आणि माझ्या तोंडूनही "हो" निघालं, खोटं कशाला बोलू. मग ते डावीकडे कललं, खाली आलं आणि बाळासाहेबांच्या द्राक्षाच्या मांडवावर जाऊन बसलं. तारांवर आणि बांबूंवर, खाटेवर निजावं तसं. द्राक्षं चार दिवसांपूर्वी तोडून झाली होती, नशीब.

घड्याळवाला म्हणाला, "आठ सेकंद चार पॉइंट. घाटाचा रेकॉर्ड हाय!"

कोणाला खरचटलंही नाही. अक्षदा काट्यापाशी दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. मी तिच्याकडे धावलो तर ती म्हणाली, "पप्पा, मी आत होते. आत्ता, दोन मिनिटांपूर्वी मी आत होते."

सगळे भिकावर तुटून पडले. बाळासाहेब त्याला नको नको ते बोलले. तो एवढंच म्हणत होता, "फडकं हललं व्हतं. म्या फडकं बघितलं." कोणी ऐकलं नाही. सगळे विमानाकडे बघत होते, माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. टॉवेल मी खांद्यावर टाकला होता. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मी काही बोललो नाही.

२३ मार्च

पोलीस ठाण्यातून दोन साहेब आले. विचारलं, "विमान उडवलं कोणी?"

बाळासाहेब म्हणाले, "कोणीच न्हाई साहेब. रिकामं गेलं."

"परवानगी कोणाची?"

"उडवायचंच नव्हतं, तर परवानगी कशाची मागणार?"

साहेबांनी डोकं खाजवलं, मांडवावरच्या विमानाचे फोटो काढले, त्यात एक स्वतःचाही काढला. पुन्हा इंजिन चालू करायचं नाही असं लिहून घेतलं. जाताना मोठ्या साहेबांनी माझा हात हातात घेतला. "तुम्हीच का ते? कमाल केली राव. गाडीचं इंजिन!"

व्हिडिओ लाखो लोकांनी बघितलाय. नारायणगावच्या बाजारात एका अनोळखी माणसाने मला चहा पाजला. मी पिऊन टाकला.

२५ मार्च

क्रेनने विमान उतरवलं. शाफ्टचं घर मी एकट्याने उघडलं. मदतीला बाकीचे होते, त्यांना दोर गुंडाळायला पाठवलं. आता वाटतं, मला आतून ठाऊक असणार.

शाफ्ट तुटलेला होता. अक्षदा मागून आली. म्हणाली, "मांडवाच्या तारेत पंखा अडकला, तेव्हा तुटला का?"

मी म्हणालो, "तसंच दिसतंय."

पण तसं दिसत नव्हतं. ताजं मोडलेलं पोलाद चांदीसारखं चकाकतं. या तुकड्याचं तोंड चारातले तीन हिस्से काळं होतं, तेल मुरलेलं. म्हणजे चीर जुनी होती, दीड महिना रोज थोडी थोडी वाढत होती. चकाकणारा भाग नखाएवढा. आणि दुसरी गोष्ट. विमान हवेत असतानाच इंजिनाचा आवाज एकदम चिरकला होता, ओझं सुटल्यावर चिरकतो तसा. मांडवावर पडायच्या आधी. शंभर लोकांनी ऐकला असेल, पण त्याचा अर्थ कळणारा तिथे एकच माणूस होता आणि तो "हो" म्हणून ओरडत होता.

ती आत असती तर ती मांडवावर उतरली नसती. तिने वर नेलं असतं, तिला वरच न्यायचं होतं. आणि वर शाफ्ट तुटला असता.

दोन्ही तुकडे बाजरीच्या डब्यात तळाशी लपवले. हीसुद्धा नोंद आहे.

२९ मार्च

बाळासाहेब म्हणाले, यात्रेत माझा सत्कार. फेटा, शाल, माइकवरून भाषण. आणि म्हणाले, पुढच्या वर्षी दुसरं विमान, इंजिन तुझंच, चालवणार अक्षदाच. "पट्टीचा मेकॅनिक हाय राव आपला. त्या भिकानं घाण केली, न्हाईतर इतिहास झाला असता."

भिकाला त्यांनी गाड्यावरून काढलंय. यंदा यात्रेला बैलांजवळ यायचं नाही असं सांगितलंय. तीस वर्षांत पहिल्यांदा. त्याची बायको सखूबाई नूतनला विहिरीवर भेटली. म्हणाली, जेवत नाय, नुसतं म्हणतो म्या फडकं बघितलं व्हतं.

नूतनने मला सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, म्हाताऱ्याला भास झाला असंल. ती म्हणाली, "तुमचा टॉवेल कुठाय? चार दिवस दिसला नाय."

टॉवेल मी जाळलाय. एक फाटका टॉवेल जाळताना माणूस केवढा चोर दिसतो ते मला त्या दिवशी कळलं.

५ एप्रिल

वजन दीड किलो कमी झालं, कांद्याच्या काट्यावर बघितलं. लोक म्हणतात, शास्त्रज्ञ लोक असेच काळजीने वाळतात.

भाषण लिहून काढलंय. सुरुवात अशी आहे: "जिद्द आणि प्रामाणिक कष्ट..." एवढं लिहिलं आणि प्रामाणिक खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं.

९ एप्रिल

बाजरीच्या डब्याकडे बघून मला घाम फुटतो. नूतन त्यातून रोज पिठाला बाजरी काढते, आणि डब्यात आता एक-दोन दिवसांचीच उरलीय.

१० एप्रिल, यात्रेचा दिवस

घाट माणसांनी फुलला होता. सकाळच्या गाड्यांच्या बाऱ्या झाल्या. बाळासाहेबांचा गाडा जुपायला चौघे खपत होते आणि बैल काही उभे राहीनात, भिकाचा हात नव्हता ना. गाडा वाकडा गेला, कठड्याला घासला. बाळासाहेबांचं तोंड कडू झालं.

मग माइकवाला ओरडला, "आता येत आहेत आपल्या बोरीचे शास्त्रज्ञ!" मला फेटा बांधला, शाल घातली. समोर अक्षदा टाळ्या वाजवत होती. तिच्या शेजारी नूतन बसली होती, ती टाळ्या वाजवत नव्हती. मांडीवर एक पिशवी घेऊन बसली होती. पिशवीच्या आकारावरून मला दिसलं की डबा संपला.

ती काही करणार नव्हती, हे मला तेव्हाच कळलं. तिने ती पिशवी उघडलीही नसती. मला तसंच सुटूही दिलं असतं.

मी मंचावरून खाली उतरलो, पिशवी घेतली आणि माइकपाशी गेलो. म्हणालो, "टॉवेल मी हलवला व्हता. भिकाची काही चूक न्हाई. फडकं हललं की सोडायचं, हे त्याला आपणच सांगितलंय." लोक हसले, त्यांना वाटलं गंमत चाललीय. मी दोन तुकडे वर धरले. "आणि ह्यो शाफ्ट मांडवात न्हाई तुटला. दीड महिना तुटत व्हता. माझ्या पोरीनं सांगितलं, भिकानं हात लावून सांगितलं, आणि मी कानात कापूस घातला. रिकामं सुटलं म्हणून माझी पोरगी आज इथं बसलीय. सत्कार करायचाच तर भिकाचा करा."

एवढं बोलून माइक परत दिला. माइकवाल्याला शांतता सहन होत नाही. तो म्हणाला, "तर मंडळी, पुढची बारी..." आणि थांबला. तोही थांबला म्हणजे बघा.

फेटा काढून हातात घेतला आणि गोठ्यावर गेलो. भिका गव्हाणीला टेकून बसला होता. माइक तिथपर्यंत ऐकू येतो. मी फेटा त्याच्यापुढे धरला. तो म्हणाला, "भाऊ, ह्यो बांधून म्या काय करू? बैलं उभी राहत न्हाईत म्हनं?" आणि उठून माझ्याआधी घाटाकडे निघाला. बाळासाहेबांनी त्याला काही विचारलं नाही. माझ्याशी ते अजून बोललेले नाहीत, दुसऱ्या विमानाचंही काही निघालं नाही.

घरी आल्यावर अक्षदासमोर तुकडे ठेवले. काळी बाजू वर करून. म्हणालो, "तू सांगत व्हतीस. मी ऐकलं न्हाई."

ती म्हणाली, "मला माहीत होतं, पप्पा. पंधरा फेब्रुवारीपासून माहीत होतं. वाजत होतं ते."

"मग यात्रेला बसनार कशी व्हतीस?"

ती तुकडा हातात घेऊन बघत बसली. मग म्हणाली, "इंदूरकडच्या फ्लाइंग स्कूलमधून फोन येत होते. शिकवायची नोकरी. मार्चमध्येच बोलावलं होतं, मी यात्रेनंतर येते म्हणाले. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत. मी नाही म्हणाले असते तर पुन्हा कधी कशाला हात लावला नसतात तुम्ही. म्हणून बसणार होते."

मला वाटत होतं, मी तिच्यासाठी करतोय. आणि ती माझ्यासाठी मरायला तयार होती. नूतन भाकरीचं पीठ मळत होती, तिने पदराने डोळे पुसले. मी तिथेच खाली बसून रडलो, आणि या वेळी धूर नव्हता.

१२ एप्रिल

अक्षदा आज गेली. आळेफाट्यावर संध्याकाळी इंदूरची ट्रॅव्हल्सची बस थांबते, तिथून. बॅग वर टाकली. बस चालूच होती आणि मला आवाज ऐकू आला. बारीक, पुढच्या बाजूला, चिर्र चिर्र.

मी ड्रायव्हरला म्हणालो, "पावणं, इंजिन बंद करा. पट्टा वाजतोय."

तो म्हणाला, "काका, तो पुण्यापासून वाजतोय. कायम वाजतो."

मी बसच्या पुढे जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "उघडून दाखवा, मगच जा." लोक खिडक्यांतून शिव्या घालायला लागले. कोणीतरी म्हणालं, हा तोच तो व्हिडिओवाला. अक्षदा शरमेने लाल झाली होती. पंचवीस मिनिटं गेली. पट्ट्याला खरंच चीर होती. ड्रायव्हरकडे जादा पट्टा होता, मी बसवून दिला, ताण बोटाने दाबून तीनदा बघितला.

बस हलली. अक्षदा खिडकीतून हात हलवत होती. मी हात वर केला नाही, दोन्ही हात तेलाने काळे झाले होते, आणि मला बस दिसेनाशी होईपर्यंत आवाज ऐकायचा होता.

वाजत नव्हतं.